वसईच्या चर्चमधील लग्नाला जाताना

नंदाखाल, निर्मळ, गिरीज किंवा आगाशीच्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरून लग्नपत्रिका येते. मजकूर मराठीत असतो, आडनाव परेरा, डिमेलो किंवा घोन्सालविस असते आणि खाली दोन वेळा छापलेल्या असतात: विवाहविधी दुपारी चार वाजता चर्चमध्ये आणि स्वागतसमारंभ संध्याकाळी साडेसात वाजता चर्चच्या पटांगणात किंवा एखाद्या सभागृहात. पत्रिका मिळाल्यावर माझे बहुतेक हिंदू स्नेही मला एकच प्रश्न विचारतात, की यातल्या कोणत्या वेळेला आम्ही यायचे? चर्चमधला भाग घरच्यांचा असेल, तिथले काही कळणार नाही, उगाच अवघडल्यासारखे होईल, त्यापेक्षा संध्याकाळी आहेर देऊन आणि जेवून परतावे, असा त्यांचा विचार असतो. माझे उत्तर ठरलेले आहे. एकाच ठिकाणी येणे जमणार असेल तर चर्चमध्ये यावे. लग्न लागते ते चार वाजता, आणि ते लागताना तिथे हजर असलेला प्रत्येक माणूस त्या लग्नाचा साक्षीदार असतो.

साक्षीदार हा शब्द मी सौजन्यापोटी वापरत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार लग्न फादर लावत नाहीत. नवरा आणि नवरी हे दोघेच एकमेकांना हा संस्कार देतात, आणि फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात, ती ऐकतात आणि स्वीकारतात. एके काळी युरोपात दोघांनी कोणाच्याही नकळत एकमेकांना दिलेले वचनसुद्धा लग्न म्हणून धरले जात असे आणि पुढे एकाने ते नाकारले, की दुसऱ्याला दाद मागायला जागा उरत नसे. म्हणून ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली असा नियम केला, की धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर दिलेली संमतीच ग्राह्य धरली जाईल. त्या नियमाचा गाभा आजही पाळला जातो. दोन साक्षीदार वहीत सही करतात, बाकीचे आपण सगळे बाकांवर बसून तेच काम करत असतो.

वसईविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण चित्रपटांतले चर्चमधील लग्न पाहून आलेल्या पाहुण्याला इथे मराठी ऐकून आश्चर्य वाटते. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, तरी दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेली गावे ख्रिस्ती राहिली आणि त्यांची भाषाही मराठीच राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी. १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. त्या दशकात रोममध्ये भरलेल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर ती लोकभाषेत आली. त्यामुळे आज वसईच्या चर्चमध्ये आपल्याला वचनांचा प्रत्येक शब्द समजतो. लग्नाला येणाऱ्या मराठी पाहुण्यासाठी याहून सोयीची गोष्ट नाही.

लग्नांचा हंगाम चर्चच्या पंचांगावर ठरतो. नाताळानंतर राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंत, आणि पुढे ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत वसईत लग्नांची गर्दी असते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात सहसा लग्ने ठेवत नाहीत. आमच्याकडे मुहूर्त नसतो, पण वेळ मात्र मुहूर्ताइतकीच पाळावी लागते, कारण त्याच चर्चमध्ये त्याच संध्याकाळी आणखी एखादे लग्न किंवा रोजची मिस्सा असू शकते. शिवाय भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ अन्वये लग्नविधीची सर्वसाधारण वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे आणि त्यानंतरच्या विधीसाठी धर्मगुरूंना बिशपांचा परवाना लागतो. म्हणून पत्रिकेवर चार असेल तर पावणेचारला बाकावर बसलेले असावे.

लग्नाच्या आदल्या दिवसांतील घरगुती विधींचे आमंत्रण मिळाले, तर ते अवश्य स्वीकारावे. मुंबई आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, कुटुंबांत ‘उंबराचे पाणी’ असते: बायका बँडच्या साथीने गाणी म्हणत विहिरीवरून पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरा किंवा नवरी न्हाते. गोव्याकडे ‘रोस’ असतो. त्यात नारळाचे दूध अंगाला लावतात, आणि हळदीला गेलेल्या कोणालाही त्यातली थट्टामस्करी लगेच ओळखीची वाटेल. गोव्यातच लग्नानंतर गावाच्या वेशीवर ‘शीम’ करतात. जमिनीवर फेणीची रेघ ओढून पाहुण्यांनी ती ओलांडायची, असा तो निरोप असतो. या विधींना जुने कपडे घालून जावे, नारळाच्या दुधाचे डाग सहज निघत नाहीत.

आता चर्चचा दरवाजा. सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न चपलांचा असतो. इथल्या चर्चमध्ये पादत्राणे काढत नाहीत, तसेच आत जावे. पुरुषांनी टोपी काढून हातात धरावी. फेटा बांधून आलेल्या वयस्क पाहुण्याला कोणी अडवणार नाही, पण डोके उघडे ठेवणे हा इथला आदर आहे. बायकांनी खांदे झाकलेले असावेत, एवढीच अपेक्षा असते, आणि साडी तर सर्वांत उत्तम. नवरीचा पोशाख पांढरा असतो आणि पांढरा रंग आमच्याकडे शुभ मानला जातो, तरीही तो त्या दिवशी तिचा एकटीचा असावा म्हणून पाहुण्या बायका शक्यतो पूर्ण पांढरे नेसत नाहीत. काळा हा आमचा दुखवट्याचा रंग आहे. पुरुषांच्या काळ्या सुटाला हरकत नाही, तरुण मुलीही हल्ली काळा घालतात, पण घरातील वृद्धांना तो रुचत नाही हे लक्षात ठेवावे. त्या वृद्धांमध्ये एखादी आजी लाल लुगड्यात दिसली तर थोडे थांबून पाहावे; सामवेदी ख्रिस्ती बायकांचा तो जुना पोशाख आता अशाच प्रसंगी पाहायला मिळतो.

दरवाजाजवळ पवित्र पाण्याचे पात्र असते. कॅथलिक लोक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात आणि बाकात शिरण्यापूर्वी वेदीकडे पाहून गुडघा टेकवतात. आपण हे करण्याची गरज नाही. वेदीकडे पाहून हात जोडले तरी ते मनापासूनचे मानले जाते. पहिल्या दोनतीन रांगा घरच्यांसाठी असतात, त्या सोडून कोठेही बसावे आणि मधल्या वाटेच्या कडेची जागा मिळाली तर नवरी जवळून दिसते. बाकाच्या खाली पुढच्या बाजूला एक लांब अरुंद फळी असते, काही ठिकाणी तिच्यावर रेक्झिनची गादीही असते. अनेक पाहुणे ती पाय ठेवण्याची जागा समजून तिच्यावर बूट टेकवतात. ती गुडघे टेकण्याची फळी आहे. थोड्या वेळाने शेजारची आजी आपल्या चांगल्या लुगड्यानिशी तिच्यावरच गुडघे टेकणार असते, तेव्हा तिथे पाय किंवा पिशवी ठेवू नये.

घंटा वाजते, सगळे उभे राहतात आणि मिरवणूक आत येते. वसईत बहुधा वडील मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत आणतात. हे पाहून पाहुण्यांना कन्यादान आठवते, पण विधीत दान असे काही नाही. नवरीला कोणी कोणाच्या स्वाधीन करत नाही, कारण पुढे ती स्वतःच बोलणार असते. सुरुवातीच्या प्रार्थनेनंतर बायबलमधून वाचने होतात. ती बहुधा नवरानवरीचे भाऊबहीण किंवा मित्र करतात. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील प्रीतीवरचा तेरावा अध्याय किंवा काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपल्याला हमखास ऐकायला मिळेल. वाचनांच्या वेळी बसायचे असते, शुभवर्तमानाच्या वेळी उभे राहायचे असते. इतरांबरोबर उभे राहावे, इतरांबरोबर बसावे, आणि ते गुडघे टेकतील तेव्हा आपण शांतपणे बसून राहिलो तरी चालते. त्यानंतर फादरांचे प्रवचन होते, आणि मग ज्यासाठी आपण आलो तो क्षण येतो.

फादर दोघांना उभे करून तीन गोष्टी विचारतात. तुम्ही कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने इथे आला आहात का? आयुष्यभर एकमेकांवर प्रेम करण्यास आणि एकमेकांचा मान राखण्यास तयार आहात का? देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकारून त्यांना ख्रिस्ताच्या शिकवणीत वाढवाल का? वयस्क जोडप्याला तिसरा प्रश्न वगळला जातो. यांतील पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दडपणाखाली दिलेली संमती चर्च लग्न मानतच नाही, म्हणून तो सर्वांसमक्ष आणि मोठ्याने विचारला जातो. मग दोघे उजवे हात एकमेकांच्या हातात देतात आणि सुखात, दुःखात, आजारपणात, आरोग्यात, मरेपर्यंत एकनिष्ठ राहण्याचे वचन एकेकाने स्वतःच्या तोंडाने म्हणतात. अनेकदा आवाज इतका बारीक होतो, की ध्वनिक्षेपकातून फक्त श्वास ऐकू येतो. अशा वेळी चर्चमध्ये मोबाइल वाजणे किंवा मागच्या बाकावर कुजबुज होणे घरच्यांच्या फार जिव्हारी लागते. वचने झाल्यावर फादर ती चर्चच्या वतीने स्वीकारतात, आणि देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये, हे येशूचे शब्द उच्चारतात. या वाक्यानंतर लग्न झालेले असते. अंगठ्यांना आशीर्वाद देऊन त्या एकमेकांच्या बोटांत घालणे हे त्याच्या पुढचे पाऊल आहे. भारतातील अनेक धर्मप्रांतांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशांत, याच वेळी मंगळसूत्रही आशीर्वादित करून घालतात.

इथे चित्रपटांमुळे झालेले काही गैरसमज दूर केले पाहिजेत. ‘कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला’ असा पुकारा कॅथलिक विधीत होत नाही. ते काम आधीच उरकलेले असते: लग्नापूर्वी दोघांची नावे त्यांच्या त्यांच्या धर्मग्रामात, म्हणजे आपापल्या चर्चच्या हद्दीत, रविवारच्या मिस्सेत जाहीर केली जातात, बाप्तिस्म्याचे दाखले तपासले जातात आणि विवाहपूर्व प्रशिक्षणही घ्यावे लागते. ‘आता नवरीचे चुंबन घ्या’ हे वाक्यही विधीत नाही. तेव्हा त्याची वाट पाहत कॅमेरा रोखून बसू नये.

फोटोंविषयी एवढेच सांगावेसे वाटते, की छायाचित्रकार नेमलेला असतो आणि त्यालाही वेदीच्या पायऱ्यांवर कोठपर्यंत जायचे हे ठरवून दिलेले असते. पाहुण्यांनी आपल्या जागेवरून, फ्लॅश बंद ठेवून एखादा फोटो घ्यावा आणि वचनांच्या वेळी फोन खाली ठेवावा. अक्षता नेऊ नयेत. फुलांच्या पाकळ्या उधळायच्या असतील तर त्या चर्चच्या बाहेर, आणि त्याही तिथे परवानगी असेल तरच.

वचनांनंतर मिस्सा पुढे सुरू राहते. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणले जातात, त्यांवर मोठी प्रार्थना होते, मध्येच घंटा वाजते आणि सगळे गुडघ्यांवर शांत होतात. मग ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना, नवदांपत्यावर खास आशीर्वाद, आणि त्यानंतर सर्वांनी एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो. भारतात तो हात जोडून साजरा होतो. आपल्या शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून नमस्कार करावा, तेवढ्याने पुरते.

यानंतर लोक रांगेने वेदीकडे जाऊ लागतात. याच टप्प्यावर पाहुण्यांची सर्वांत जास्त गफलत होते आणि ती निव्वळ चांगुलपणातून होते. दिलेला प्रसाद नाकारायचा नाही, हा आपला संस्कार. फादर हातावर एक पातळ, गोल, पांढरी चकती ठेवत आहेत हे दिसते आणि आपणही रांगेत उभे राहतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ बाईंनी ती चकती उजव्या हातात घेतली, भक्तिभावाने कपाळाला लावली आणि नातवंडांसाठी म्हणून रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. माझ्या आत्याने ते पाहिले, ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि कानाशी बोलून त्यांना सर्व समजावले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी रुमाल उघडून ती चकती परत केली आणि फादरांनी ती आदराने स्वतः सेवन केली. कॅथलिक श्रद्धेनुसार त्या प्रार्थनेनंतर ती भाकर ख्रिस्ताचे शरीर झालेली असते. तिला कम्युनियन म्हणतात आणि ती स्वीकारण्यासाठी बाप्तिस्मा आणि श्रद्धेची तयारी लागते. कॅथलिक माणूससुद्धा मनाची तयारी नसेल तर रांगेत जात नाही. म्हणून त्या वेळी आपण बाकावर बसून राहावे आणि इतरांना जायला वाट द्यावी. न जाण्यात कोणताही अनादर नाही, आणि आपल्याला वगळले असेही कोणाच्या मनात नसते.

शेवटचा आशीर्वाद झाला, की नवरानवरी, दोन साक्षीदार आणि फादर विवाहनोंदवहीत सह्या करतात. ही नोंद कायद्याचीही असते आणि चर्चचीही. दोघांचा बाप्तिस्मा ज्या धर्मग्रामात झाला, तिथल्या जुन्या वहीतही लग्नाची नोंद कळवली जाते, त्यामुळे जन्मानंतर काही दिवसांत लिहिलेल्या नावासमोर पंचवीसतीस वर्षांनी दुसरी ओळ लिहिली जाते. सह्यांना दहा मिनिटे लागतात, तोवर गाणी चालू असतात. मिस्सेसह सगळा विधी साधारण तासाभराचा किंवा थोडा अधिक असतो.

नवरा किंवा नवरी यांपैकी एक जण हिंदू असेल, आणि अशी आमंत्रणे आता बरीच येतात, तर विधी सहसा मिस्सेशिवाय होतो आणि अर्ध्या तासात आटोपतो. वाचने, प्रश्न, वचने, अंगठ्या हे सर्व असते, कम्युनियन नसते. अशा लग्नाला बिशपांची खास परवानगी घेतलेली असते आणि हिंदू जोडीदाराने धर्म बदललेला नसतो. लग्नघरी त्याविषयी चौकशा करत बसू नये.

चर्चबाहेर आल्यावर नवदांपत्याला भेटून अभिनंदन करावे, पण आहेराचे पाकीट तिथे देऊ नये. ते संध्याकाळी मंचावर द्यायचे असते. मधल्या दोनतीन तासांत घरचे लोक फोटोंसाठी जातात. लांबून आलेल्या पाहुण्याने यजमानांच्या घरी चहाला जायला संकोच करू नये, मांडवात कोणी ना कोणी असतेच.

स्वागतसमारंभाचा क्रम ठरलेला असतो. बँड वाजतो, नवरानवरी आणि करवल्या संथ पावलांनी आत येतात, केक कापला जातो आणि मग घरातील एखादे मामा, काका किंवा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पालकत्व घेतलेली व्यक्ती, दोघांविषयी चार शब्द बोलून टोस्ट मागतात. पेले सर्वांना वाटलेले असतात. मद्य न घेणाऱ्याने सरबताचा पेला उंचावला तरी तो पूर्ण मान आहे, आणि कोणी आग्रह करणार नाही. टोस्ट होण्यापूर्वी जेवणाकडे वळू नये किंवा निघू नये; वाचनांनंतर वचने, तसा हा समारंभ त्या शब्दांसाठी थांबलेला असतो. त्यानंतर नाच सुरू होतो आणि त्यात जुन्या इंग्रजी गाण्यांबरोबर कोळीगीते हटकून वाजतात. आपल्याला नाचता येत नाही, ही सबब तिथे टिकत नाही.

जेवणात सरपटेल आणि इंद्याल हे मानाचे पदार्थ असतात आणि दोन्ही बहुधा डुकराच्या मांसाचे असतात. सरपटेल आधी एकदोन दिवस करून ठेवतात, कारण शिर्का मुरल्यावरच त्याला चव येते. मटण, कोंबडी आणि मासेही असतात. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे टेबल लावण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. तरी आपण कांदालसूण किंवा अंडी खात नसाल, तर आमंत्रण स्वीकारतानाच तसे सांगावे, कारण केकमध्ये आणि अनेकदा ‘फुगे’ या तळलेल्या पदार्थातही अंडे असते. फुगे मात्र चालत असतील तर सोडू नयेत. आंबवलेले सैल पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून तापलेल्या तेलात दाबत सोडतात, ते गोळे पाण्यातल्या बुडबुड्यासारखे टम्म फुगून आपोआप उलटतात. शक्य झाल्यास मांडवामागे जाऊन ते तळणाऱ्या बायकांचे हात पाहावेत. त्या पाहुण्याला पहिला घाणा काढून देतात आणि इंद्यालच्या रश्शाची वाटी पुढे सरकवतात.

परत जाण्याचे आधी ठरवून ठेवावे. समारंभ रात्री उशिरापर्यंत चालतो आणि नंदाखाल किंवा निर्मळहून वसई रोड अथवा विरार स्थानकापर्यंत रात्री वाहन मिळणे सोपे नसते. निघताना मंचावर पुन्हा जाण्याची गरज नाही, पण दोन्हीकडच्या आईवडिलांना शोधून भेटावे आणि आपण चर्चमध्येही होतो हे त्यांना जरूर सांगावे.